परकी भाषा : शब्द किती व कोणते?

परकी भाषा शिकावयाचें मनांत आलें कीं, मनुष्य बहुधा दोन वस्तु प्रथम विकत घेतो : एक जाडजूड शब्दकोश आणि दुसरी कोरी वही. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली जाते, डावीकडे परका शब्द व उजवीकडे मराठी अर्थ असा क्रम सुरू होतो, आणि पहिले आठ-दहा दिवस हा उद्योग मोठ्या उत्साहानें चालतो. पंधराव्या दिवशीं मागचीं पानें उलटून पाहावीं, तों निम्मे शब्द ओळखच देत नाहींत. महिन्याभरानें वही कपाटाच्या वरच्या फळीवर जाते, आणि घरांतील मंडळी ठरवून टाकतात कीं, ज्याच्या अंगीं उपजत देणगी असते त्यालाच भाषा येते. वास्तविक येथें दोष देणगीचा नसतो, स्मरणशक्तीचाहि फारसा नसतो. दोन साधे प्रश्न आरंभीं विचारावयाचे राहून गेलेले असतात. ही भाषा कोणत्या कामासाठीं हवी आहे? आणि त्या कामास कोणते शब्द लागतात?

या प्रश्नांचा विचार जर्मन भाषेच्या उदाहरणानें करणें सोयीचें आहे, कारण पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांत आज कोणी ना कोणी ती शिकत आहे. फ्रेंच, जपानी वा रशियन शिकणारालाहि तोच विचार थोड्याफार फरकानें लागू पडेल.

तीन शिकणारीं माणसें कल्पावीं. पहिली एक तरुण परिचारिका. तिला जर्मनींतील रुग्णालयांत नोकरी करावयाची आहे. दुसऱ्या एक आजीबाई. त्यांचीं नातवंडें स्टुटगार्टला जन्मलीं, आपसांत व शेजारच्या मुलांशीं तीं जर्मन बोलतात, आणि आजीबाई तीन महिन्यांसाठीं त्यांच्याकडे निघाल्या आहेत. तिसरे एक संस्कृतचे अभ्यासक. बोटलिंक व रोट यांचा १८५५ ते १८७५ या काळांत सेंट पीटर्सबर्ग येथें प्रसिद्ध झालेला प्रचंड संस्कृत कोश जर्मनमध्यें आहे. गेल्डनरचें १९५१ सालीं प्रसिद्ध झालेलें ऋग्वेदाचें भाषांतर जर्मनमध्यें आहे. आणि हे ग्रंथ त्यांना स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावयाचे आहेत. तिघांनाहि विचारलें तर उत्तर एकच येईल : "जर्मन शिकावयाचें आहे." परंतु तिघांच्या वाटा तीन दिशांना जातात.

अभ्यासकांना जर्मनमध्यें एक वाक्यहि बोलावयाचें नाहीं. 'वुर्त्सेल' म्हणजे मूळ, व्याकरणांत धातु; 'बेडॉयटुंग' म्हणजे अर्थ; 'ओप्फर' म्हणजे यज्ञांत अर्पण केलेला बलि; 'फेरग्लाइखे' म्हणजे 'तुलना करा'; असले शब्द त्यांना पहिल्याच आठवड्यांत लागतील. उच्चार थोडा चुकला तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. आजीबाईंना यांपैकीं एकहि शब्द नको. भूक लागली का, झोप आली का, चमचा कोठें आहे, हात धर, पळूं नकोस, एवढें त्यांना बोलतां आलें पाहिजे. आणि मूल जें उत्तर देईल तें कानाला उमगलें पाहिजे. त्यांना एक ओळ लिहितां आली नाहीं तरी चालेल.

परिचारिकेची गोष्ट निराळी. जर्मनमधील 'न्युख्टर्न' हा शब्द घ्यावा. नित्याच्या बोलण्यांत त्याचा अर्थ 'मद्याच्या अमलाखालीं नसलेला, शुद्धीवर असलेला' असा आहे. रुग्णालयांत मात्र त्याच शब्दाचा अर्थ 'रिकाम्या पोटीं असलेला' असा होतो. शस्त्रक्रियेपूर्वीं रोगी 'न्युख्टर्न' राहिला पाहिजे असें डॉक्टर सांगून गेले, आणि ही सूचना दारूविषयीं आहे अशा समजुतीनें परिचारिकेनें रोग्याला न्याहारी दिली, तर भूल दिल्यावर पोटांतील अन्न उलटून श्वासनलिकेंत जाण्याचा धोका उभा राहतो. शब्द एकच, पण त्यावर एका जिवाची भिस्त आहे. सर्वसामान्य लेखनांत वारंवार येणाऱ्या शब्दांच्या यादींत हा शब्द बराच खालीं असणार. या मुलीच्या वहींत तो पहिल्या पानावर हवा.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. 'जर्मन येणें' ही इच्छा झाली. तें उद्दिष्ट नव्हे. जें साधलें कीं नाहीं हें दुसऱ्या कोणासहि पाहून सांगतां येतें, तें उद्दिष्ट. 'दिवाळीपर्यंत नातवाला चित्रांचें एक पुस्तक वाचून दाखवितां यावें', 'सहा महिन्यांत कोशांतील एक पूर्ण नोंद दहा वेळांहून अधिक अडखळल्यावांचून वाचतां यावी', हीं उद्दिष्टें झालीं. युरोप परिषदेनें २००१ सालीं प्रसिद्ध केलेली भाषाकौशल्याची मोजपट्टी याच तत्त्वावर आधारलेली आहे. तिच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीचें वर्णन 'शिकणारास काय करतां येतें' या भाषेंत केलेलें आहे. जर्मनींत पतीकडे किंवा पत्नीकडे कायम राहावयास जाणाऱ्यास सामान्यतः ए-१ ची पायरी गांठावी लागते. परिचारिकेस सामान्यतः बी-२ ची. ग्योटे संस्थेच्या ए-१ परीक्षेच्या शब्दसूचींत सुमारे ६५० शब्द आहेत, बी-१ च्या सूचींत सुमारे २४००. हे आंकडे धीर देणारे आहेत. मात्र परीक्षेचें प्रमाणपत्र ही कचेरीचें दार उघडणारी किल्ली आहे. आंत गेल्यावर जें काम करावयाचें त्याचे शब्द निराळे जमवावे लागतात, हें विसरूं नये.

आतां दुसरा प्रश्न. शब्द किती व कोणते?

भाषेंतील शब्द मोजण्याचा उद्योग जुना आहे. केडिंग नांवाच्या जर्मन गृहस्थानें लघुलेखनाच्या सोयीसाठीं सुमारे १ कोटी १० लाख जर्मन शब्दांची मोजणी करविली व तिचें फलित १८९७-९८ च्या सुमारास प्रसिद्ध केलें. अमेरिकेंत थॉर्नडाइक यानें १९२१ सालीं शिक्षकांसाठीं १०,००० इंग्रजी शब्दांची यादी छापली. अशा सर्व मोजण्यांतून एकच विलक्षण गोष्ट निघते. कोणत्याहि भाषेंतील अगदीं थोडे शब्द सारखे पुन्हा पुन्हा येतात, आणि बाकीचे असंख्य शब्द क्वचित् डोकावून जातात. जर्मन किंवा इंग्रजी मजकूर घेतला, तर सुमारे शंभर शब्दच जवळजवळ निम्मी जागा अडवितात.

हें ऐकून शंभर शब्दांत निम्मी भाषा आली असें कोणी समजूं नये. मराठी वर्तमानपत्राचें एक पान घ्यावें आणि 'आहे, नाहीं, आणि, पण, तो, हा, होता, केला, म्हणून' असले शब्द तेवढे ठेवून बाकीच्यांवर शाई फिरवावी. उरलेला मजकूर वाचून आग लागली कीं लग्न झालें हेंहि कळणार नाहीं. हे शब्द भाषेचा सांगाडा आहेत. ते हवेतच, पण मांस निराळें आहे.

मग समजण्यासाठीं किती शब्द हवेत? न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथील भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनीं २००६ सालीं इंग्रजीविषयीं असा हिशोब मांडला कीं, कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोशाच्या मदतीवांचून वाचावयाचें, म्हणजे शंभरांतील ९८ शब्द ओळखीचे असावयाचे, तर ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबें यावीं लागतात. बोलणें समजण्यास ६,००० ते ७,००० पुरतात. शब्दकुटुंब म्हणजे एका मुळाचा परिवार. 'बोलणें, बोलला, बोलका, अबोल' हें आपल्याकडील एक कुटुंब. उलट, आरंभींच्या सुमारे २,००० शब्दांनीं साध्या इंग्रजी लेखनांतील दर पांच शब्दांपैकीं चार ओळखीचे होतात. म्हणजे पहिले दोन हजार शब्द मोठ्या व्याजानें परतफेड करतात, आणि पुढच्या प्रत्येक हजाराचें व्याज उतरत जातें. यांतूनच एक व्यवहारी नियम मिळतो. पहिल्या दीड-दोन हजार शब्दांपर्यंत सर्वांच्या नित्य वापरांतील शब्द घ्यावे. त्यानंतर मात्र वारंवारतेच्या यादीमागें न धांवतां आपल्या कामाचे शब्द वेंचावे. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनीं २००० सालीं विद्यापीठीय इंग्रजीसाठीं जी यादी केली तींत अवघीं ५७० शब्दकुटुंबें आहेत, पण विद्वत्तेच्या लेखनांतील दर दहा शब्दांपैकीं सुमारें एक त्यांतला असतो. नेमका वेंचा काय करूं शकतो याचें हें उत्तम उदाहरण आहे.

पुस्तक आपल्या योग्यतेचें आहे कीं नाहीं हेंहि याच हिशोबानें घरच्या घरीं पाहतां येतें. कोणतेंहि पान उघडावें, शंभर शब्द मोजावे आणि अनोळखी शब्दांखालीं रेघ मारावी. दोनच रेघा आल्या तर पुस्तक आनंदानें वाचतां येईल. पांच आल्या तर शिक्षकाच्या किंवा कोशाच्या मदतीनें चालेल. दहा-बारा आल्या तर तें पुस्तक वर्षभर बाजूस ठेवावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

या विषयाचा सर्वांत मार्मिक विचार ज्यानें केला तो मनुष्य आपल्याच देशांत काम करीत होता. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयाचे प्रमुख होते. बंगालमधील मुलें वर्षानुवर्षें इंग्रजी शिकत, आणि त्यांतील फार मोठी संख्या शेवटच्या इयत्तेस पोंचण्यापूर्वींच शाळा सोडून जाई. अभ्यासक्रम असा रचलेला कीं, त्याचें फळ शेवटीं, म्हणजे परीक्षा उतरल्यावर मिळावयाचें. मध्येंच गळालेल्या मुलाच्या पदरीं काय पडे? न बोलतां येणारी, न वाचतां येणारी अर्धवट इंग्रजी. वेस्ट यांनीं १९२६ सालच्या आपल्या ग्रंथांत विमा-व्यवसायांतील एक शब्द येथें आणून बसविला. विम्याचा करार मुदतीपूर्वीं सोडला तर विमेदारास कांहीं रक्कम परत मिळते. तिला इंग्रजींत 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात. शिक्षणाचीहि अशी परतीची रक्कम असली पाहिजे. विद्यार्थ्यानें कोणत्याहि टप्प्यावर अभ्यास सोडला, तरी तोंवर शिकलेलें त्याच्या उपयोगी पडलें पाहिजे. बंगाली मुलास इंग्रजी बोलण्याची संधि थोडी, वाचण्याची मात्र आयुष्यभर. म्हणून वेस्ट यांनीं वाचनाचें उद्दिष्ट प्रथम धरलें. जुन्या वाचनमालांतील दुर्मिळ शब्द काढून त्यांच्या जागीं नित्याचे शब्द घातले, नवे शब्द एका पानावर गर्दी न करतां अंतराअंतरानें येतील अशी योजना केली, आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटेल असें पाहिलें. त्यांनीं संपादिलेली सुमारे २,००० शब्दांची सर्वसामान्य इंग्रजी शब्दांची यादी १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. तिचें वैशिष्ट्य असें कीं, एका शब्दाचे अनेक अर्थ असतील तर कोणता अर्थ शेंकडा किती वेळां येतो हेंहि तींत दिलेलें आहे.

हा अर्थांचा हिशोब फार महत्त्वाचा आहे, कारण शब्दांची संख्या कमी केली म्हणजे ओझें कमी होतें असें नाहीं. केंब्रिजच्या ऑग्डेन यानें १९३० सालीं ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' काढली. तींत क्रियापदें अवघीं १८. आंकडा मोठा आकर्षक. पण थोड्या क्रियापदांकडून सगळीं कामें करवून घ्यावयाचीं म्हणजे त्यांना शेपट्या जोडाव्या लागतात, आणि 'गिव्ह'चा अर्थ देणें हें येऊनहि 'गिव्ह अप'चा अर्थ सोडून देणें हा निराळा पाठ करावाच लागतो. आपल्याकडे 'लागणें' हा एकच शब्द पाहावा. भूक लागते, ठेंच लागते, वेळ लागतो, नाद लागतो, आग लागते, आणि मूल रडूं लागतें. परक्यानें हा एक शब्द शिकला कीं सहा? जर्मनमध्यें 'ह्योरेन' म्हणजे ऐकणें, 'औफह्योरेन' म्हणजे थांबणें आणि 'गेह्योरेन' म्हणजे मालकीचा असणें. वहींत हे तीन स्वतंत्र शब्द म्हणूनच लिहिले पाहिजेत.

नुसत्या वारंवारतेचा दुसरा एक दोष फ्रेंच लोकांच्या ध्यानांत आला. १९५० नंतरच्या दशकांत जॉर्ज गूगेनहाइम यांच्या मार्गदर्शनाखालीं सामान्य माणसांचीं संभाषणें ध्वनिमुद्रित करून तीन लाखांवर शब्द मोजले गेले. त्यांतून नित्याचीं क्रियापदें व विशेषणें उत्तम मिळालीं. पण जेवणाच्या टेबलावरील कांट्यासारख्या घरगुती वस्तूंचीं नांवें जवळजवळ गैरहजर होतीं. कारण उघड आहे. कांटा रोज हातांत असतो म्हणूनच त्याचें नांव घेण्याची पाळी क्वचित् येते. पण येते तेव्हां त्यावांचून अडतें. अशा शब्दांना त्यांनीं 'हाताशीं असलेले शब्द' म्हटलें, आणि ते मिळविण्यासाठीं शाळकरी मुलांस अन्न, कपडे, घर, प्रवास असे सोळा विषय देऊन प्रत्येकाखालीं सुचतील ते वीस शब्द लिहावयास सांगितलें.

विषयवार वेंचा ही कल्पना आपल्यास परकी नाहीं. अमरकोश वर्गांनींच रचलेला आहे; आणि शिवछत्रपतींच्या आज्ञेनें सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशांतहि राजदरबार, दुर्ग, शस्त्रें, लेखन, बाजार अशा दहा वर्गांत कारभाराचे शब्द मांडलेले आहेत. राज्य चालवावयाचें हें उद्दिष्ट. त्यावरून शब्द ठरले. आजीबाईंनीं तोच प्रयोग करावा. स्वयंपाकघर, बाग, न्हाणीघर, दुकान, औषध, असे पांच विषय घ्यावे आणि प्रत्येकाखालीं वीस मराठी शब्द लिहावे. त्या शंभर शब्दांचे जर्मन प्रतिशब्द सुनेकडून किंवा शिक्षकाकडून घ्यावे. हा त्यांचा स्वतःचा कोश. बाजारांतील कोणताहि कोश त्याची बरोबरी करणार नाहीं.

शब्द निवडल्यावर तो वहींत कसा लिहावा? एकटा कधींहि लिहूं नये. जर्मन नामास मराठीप्रमाणेंच तीन लिंगें आहेत, पण तीं आपल्या लिंगांशीं जुळतीलच असें नाहीं. पुस्तक दोहींकडे नपुंसकलिंगी. परंतु सूर्य जर्मनांत स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. मुलगी या अर्थाचा 'मेडशेन' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, याचें इंग्रजाला नवल वाटतें; 'तें पोर' म्हणणाऱ्या मराठी माणसास वाटूं नये. म्हणून नाम लिहितांना त्यामागें देर, दी किंवा दास लिहिलेंच पाहिजे, आणि अर्थाशेजारीं एक छोटें वाक्यहि हवें. इंग्रजीच्या आधारानें जर्मन शिकणारानें आणखी एक सावधगिरी बाळगावी. जर्मन 'गिफ्ट' म्हणजे भेटवस्तु नव्हे. त्याचा अर्थ विष असा आहे. 'बेकॉमेन' म्हणजे होणें नव्हे, मिळणें.

सारखे वा परस्परविरुद्ध शब्द एका दिवशीं शिकूं नयेत, हीहि उपयुक्त सूचना आहे. डावें व उजवें, उघडणें व मिटणें अशा जोड्या एकत्र पाठ केल्या तर त्या मनांत एकमेकांत गुंततात, असें १९९० नंतरच्या दशकांतील प्रयोगांनीं दाखविलें आहे. आधीं 'रेख्ट्स' म्हणजे उजवीकडे हें पक्कें करावें. 'लिंक्स' म्हणजे डावीकडे हें आठवड्यानंतर घ्यावें. वरील विषयवार याद्या जमविण्यासाठीं आहेत; पाठ करतांना त्यांतील चार-चार शब्द निरनिराळ्या विषयांतून उचलावे.

राहतां राहिला विसराळूपणा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला व १८८५ सालीं प्रसिद्ध केला. मनुष्य आरंभीं झपाट्यानें विसरतो, मग सावकाश. म्हणून उजळणीहि आरंभीं लवकर लवकर व पुढें लांब अंतरानें करावी. सेबास्टियन लाइटनर यानें १९७२ सालीं सुचविलेली पेटी यासाठीं फार सोपी आहे. एका खोक्यांत पांच कप्पे करावे. चिठ्ठीच्या एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस जर्मन लिहावें. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यांत. ओळखली कीं दुसऱ्यांत. चुकली कीं कोठूनहि पुन्हा पहिल्यांत. पहिला कप्पा रोज पाहावा, दुसरा दोन दिवसांनीं, तिसरा आठवड्यानें, चौथा पंधरवड्यानें, पांचवा महिन्यानें. त्यामुळें जो शब्द छळतो त्यावरच श्रम खर्च होतात.

हिशोबहि अवघड नाहीं. आठवड्यांतील पांच दिवस रोज दहा नवे शब्द, आणि उरलेले दोन दिवस केवळ उजळणी. आठवड्याचे पन्नास झाले; चाळीस आठवड्यांत दोन हजार. वर्षाचे उरलेले बारा आठवडे सणवार, लग्नकार्यें व आजारपण यांसाठीं सोडले आहेत, कारण तीं यावयाचींच.

परिचारिकेस कदाचित् नोकरीचें बोलावणें येणार नाहीं. आजीबाईंचा प्रवास प्रकृतीमुळें लांबणीवर पडेल. अभ्यासकांचे डोळे दगा देतील. तरी वेस्ट यांचें तें विम्याचें तत्त्व पाळलेलें असेल, तर त्या दिवसापर्यंत भरलेले हप्ते बुडत नाहींत. आजीबाईंचे शंभर शब्द दूरध्वनीवर नातवाशीं बोलावयास पुरतील, आणि 'हास्ट डू हुंगर?' म्हणजे 'भूक लागली का?' हा आजीचा प्रश्न कानीं पडतांच तिकडून उत्तर येईल. तें उत्तर ऐकण्यासाठीं कोणते शब्द लागतील, तेवढे पुढच्या आठवड्याच्या चिठ्ठ्यांवर लिहावे.